तारखेची कोरी जागा

अण्णा,

तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी ती निळी फाईल माझ्या हातात दिली. "मुंबईचा माणूस येणारे न्यायला," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी तू घेऊन जा. त्यांनी तसं सांगून ठेवलं व्हतं." त्यांनी, म्हणजे तुम्ही. काकूंच्या तोंडी तुमचं नाव कधी आलं नाही. तुम्ही गेल्यावरही येत नाही.

फाईलीत काय आहे हे तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक होतं, आणि त्याविषयी कुणीच बोलत नव्हतं. पंचायत समितीची उमेदवारी देण्याआधी तालुकाध्यक्ष म्हणून तुम्ही प्रत्येकाकडून एक कागद घ्यायचात: सदस्यत्वाचा राजीनामा, खाली सही, वर तारखेची जागा कोरी. निवडून आल्यावर कुणी पक्षाला नको ते बोललं, की त्या जागेत तारीख भरायची आणि कागद सभापतींकडे धाडायचा. कायद्याने सदस्यत्व घालवायचं तर वाट लांबची आहे. हा रस्ता फार जवळचा होता. आम्हा नऊ जणांची जीभ त्या फाईलीत बंद होती, असं मी एकदा तुम्हाला म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "जीभ नाय, लगाम."

मी फाईल पिंपळवंडीला घरी आणली आणि दोन दिवस उघडली नाही. मी काम करते त्या प्रयोगशाळेत माती-पाण्याचे अहवाल उघडताना मी कधी थांबत नाही. आकडा जो असतो तो असतो, माझ्या भीतीने तो बदलत नाही. इथे मात्र थांबले. शेवटच्या महिन्यात तुम्हाला मुंबईहून रोज फोन येत होते, "त्या बाईचा कागद पाठवा." तुम्ही दर वेळी "पाठवतो" म्हणत होतात. तुम्ही माझ्या कागदावर तारीख घातलीत की नाही, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो मी तुम्हाला तुम्ही हयात असताना विचारला नव्हता.

सही केली तो दिवस मला नीट आठवतो. नारायणगावचं आपलं कार्यालय, खालच्या कृषी सेवा केंद्रातून जिन्याने वर चढणारा कीटकनाशकाचा वास, रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटांच्या गाड्यांचे हॉर्न. तुम्ही टंकलेला कागद माझ्यापुढे सरकवलात. "वाच, सही कर. वरची तारीख सोड."

"ज्या पदावर मी अजून नाहीच, त्याचा राजीनामा आज कसा देता येईल?"

"म्हणून तर तारीख सोडायची. एवढं शिकलीस, एवढं कळंना व्हय, शास्त्रज्ञ?"

तेव्हापासून मी तुमच्यासाठी शास्त्रज्ञच राहिले. मी सही केली. मला पुढे जायचं होतं, अण्णा, आणि ते मी कधी लपवलं नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी राजकारणात समाजसेवा म्हणून आले, असं भाषणात सांगायची मला सवय आहे. तुम्ही ते ऐकून मिशीत हसायचात.

त्याच दिवशी आपला पहिला वाद झाला. मतदार मला निवडून देणार ते बोलण्यासाठी, गप्प बसण्यासाठी नव्हे, असं मी म्हणाले. तुम्ही विचारलंत, "तुझ्या नावाला किती मतं पडतील आन चिन्हाला किती, सांग बरं." मी म्हणाले, तुलनेसाठी दुसरी निवडणूक असल्याशिवाय हे वेगळं काढता येत नाही. "मग अपक्ष ऱ्हा उभी. व्हऊन जाऊ दे तुलना." कागदावरची शाई अजून वाळली नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही मला तुमचं गाव दाखवायला नेलंत. आंबेगावच्या पश्चिमेला धरणात गेलेलं गाव. पाणी उतरलं की महिनाभर त्याचे चौथरे वर येतात. चिखल वाळून भेगाळलेला होता. तुम्ही टोपी काढून एका दगडापाशी उभे राहिलात. "हा आमचा उंबरा." मग त्याच्यावरच बसलात, आणि मी न विचारता सांगू लागलात. नव्या गावी आल्यावर तुमच्या वडिलांना आठवडे बाजारात हिरडा आणि घोंगड्या विकायला जागा हवी होती. गावाने नाही म्हटलं. धरणाची माणसं, आज हायेत उद्या जातील, ह्यांचा काय भरवसा. वर्षभर हेलपाटे घातल्यावर वडिलांनी कुणाच्या तरी ओळखीने एक दाखला मिळवला: ह्यांच्या आजोबांपासूनचा रहिवास ह्याच गावचा.

"आज्यानं ते गाव सपनातबी पाह्यलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "त्या खोट्या दाखल्यावर बापाला जागा मिळाली. माझी मतदारयादी, माझं तिकीट, माझी तालुक्याची खुर्ची, समदं त्याच्यावर उभं हाय. हे तुला सांगितलं ते तुझ्यापाशीच ठिव."

मी ठेवलं. आज ते इथे लिहिते आहे, ते काकूंना विचारून. त्या काय म्हणाल्या ते पुढे सांगते.

मग तो ठराव आला. वरूनच छापून आला होता. मध्ये तालुक्याचं नाव लिहायला जागा कोरी होती. कोऱ्या जागांचा आपल्या पक्षाला मोठा सोस. ठरावाचा आशय एवढाच: आठवडे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाने आजोबांपासूनचा रहिवास सिद्ध करावा, जो करणार नाही त्याची राष्ट्रनिष्ठा संशयास्पद मानावी आणि त्याला जागा देऊ नये, अशी शिफारस पंचायत समितीने सगळ्या ग्रामपंचायतींना करावी. सर्वांनी बाजूने मत द्यावं, विरोधात बोलू नये, असा पक्षादेश.

बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणारा नूर तुम्हाला माहीत होता. बंगालकडून आलेला, बायको इथली, मुलं मराठी शाळेत. आमच्या द्राक्षांचा पंप गेली कित्येक वर्षं तोच उघडतो. ठरावाची बातमी फुटल्यावर मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो वॉशर घासत बसला होता. मी विचारलं, कागद आहेत ना? तो म्हणाला, "ताई, माझे हायेत. बापाचे हायेत. आज्याचे कुठून आणू? पंप कसाबी ठीक करतो मी. आजा ठीक नाय व्हत." शेजारचा भाजीवाला त्याला म्हणाला, "राव, तुझा आजा बी लीक मारतो काय?" नूरही हसला. वॉशर मात्र त्याने उलटा बसवला आणि पुन्हा काढला.

अण्णा, त्याआधी मी दोनदा गप्प बसले होते. एकदा एका गावच्या विहिरीचं पाणी दूषित असल्याचा अहवाल माझ्या पर्समध्ये असताना, कारण तिथला सरपंच आपला होता. दुसऱ्यांदा, आम्हा नऊ जणांतलाच एक वक्ता व्यासपीठावरून एका समाजाला परका ठरवत असताना. मी शेजारच्या खुर्चीवर चपलेच्या बंदाकडे बघत बसले. दोन्ही वेळा मी मनाशी एकच कारण सांगितलं: निळ्या फाईलीत माझा कागद आहे.

तिसऱ्यांदा, ठरावाच्या सभेत, मात्र उभी राहिले. तुम्ही प्रेक्षकांच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला होतात, गुडघ्यावर इस्त्रीची टोपी. मी आधी साधा प्रश्न विचारला: राष्ट्रनिष्ठा मोजण्याचं साधन कोणतं? ज्याचं एकक नाही, ज्याची चाचणी दोन माणसांनी केली तर निकाल सारखा येणार नाही, त्याच्यावर एखाद्याची भाकरी ठरवता येत नाही. मग म्हणाले, माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा गावाने त्यांनाही विचारलं होतं, तुम्ही आता नक्की कोणाचे? ते म्हणाले, "काल व्हतो त्याच विहिरीचा." देश ही मला तशी गोष्ट वाटते. पाणी कोण पितं आणि विहीर कोण उपसतं, हे बघितलं जावं. आणि शेवटी म्हणाले, घाटघरच्या पुढे नाणेघाटात दगडी रांजण आहे. आपल्या मुलखाने दोन हजार वर्षांपूर्वी परक्या व्यापाऱ्यांकडून त्यात जकात घेतली. आजोबांचा दाखला मागितल्याचं तिथल्या लेखात कुठेही नाही.

सभागृह हसलं. माझ्या वहीत त्यानंतरचं पान तयार होतं. त्याच्यावर तुमचा दाखला होता. सकाळी चहा पिताना मी तो परिच्छेद लिहिला होता, आणि तो परिणामकारक होता. त्याच्यानंतर ठराव उभा राहू शकला नसता. मी वर पाहिलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी ते पान न वाचताच उलटलं आणि खाली बसले.

आपलेच एक वयस्कर सदस्य उठले आणि म्हणाले, "सभापतीसाहेब, माझाबी आजा घाटाखालून आलेला. माझं काय करता ते आधी ठरवा, मंग म्होरं जाऊ." पुन्हा हशा झाला, ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि परत कधी आला नाही. नूर आजही त्याच जागी बसतो. मतदान झालंच नाही, त्यामुळे पक्षादेश मोडल्याची तक्रारही माझ्यावर करता आली नाही. उरला होता फक्त तो कागद.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कार्यालयात बोलावून जे झापलंत, ते मी विसरलेले नाही. सहा महिने व्यासपीठ बंद केलंत. मी म्हणाले, बोलण्याचं स्वातंत्र्य निवडून आलेल्या माणसाला नसेल तर कुणाला असणार? तुम्ही शांतपणे विचारलंत, "तो आपला वक्ता रोज इख ओकतो. त्याचं तोंड मी कशानं बंद करतो? शिस्तीनंच ना? त्याचाबी कागद हाय माझ्याकडं. तुझा सोडला तर त्याचाबी सोडावा लागंल. मंग ऐकशील?"

"मी बोलले त्याने कुणाची जागा गेली नाही. तो बोलतो त्याने जाते."

"आन हे ठरवणार कोण? तू का मी?"

हा वाद तिथेच अडकला, अण्णा. त्यानंतर मी तो अनेकदा तुमच्या बाजूने मांडून पाहिला, प्रामाणिकपणे. तुमच्या शिस्तीने एका विखारी माणसाला खरोखर आवरून धरलं होतं. हे निरीक्षण मी नाकारू शकत नाही. पण त्याच शिस्तीने तो ठरावही आणला होता. लगाम ज्याच्या हाती त्याच्या दिशेने घोडं जातं, आणि तुमच्या हाती तो होता हा केवळ आमच्या नशिबाचा भाग. नशिबावर मी निष्कर्ष काढत नाही. हे उत्तर मला तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी सुचलं. तुमचं प्रत्युत्तर आता येणार नाही, ह्याची मला रुखरुख आहे. तुम्ही काहीतरी काढलं असतंच.

शेवटची भेट तुमच्या घरच्या पडवीत. हात सुजले होते, आवाज खाली गेला होता. काकू आत गेल्यावर तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी तू वहीचं पान उलटलंस. काय व्हतं त्याच्यावर?"

"तुमचा दाखला."

तुम्ही मान हलवलीत.  मग म्हणालात, "आन मी मागं बसलो नसतो तर?"

मी म्हणाले, अण्णा, गोळीची वेळ झाली. तुम्ही गोळी घेतलीत आणि पुन्हा विचारलं नाहीत. ह्या एका उडवाउडवीची मला जितकी लाज वाटते तितकी त्या दोन मौनांचीही वाटत नव्हती. नव्हती, म्हणजे फाईल उघडेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मी फाईल उघडली. नऊ पाकिटं, प्रत्येकावर तुमच्या तिरप्या अक्षरात नाव. माझ्या पाकिटावर नाव नव्हतं. "शास्त्रज्ञ" लिहिलं होतं. आत कागद. वर तारखेची जागा कोरी. तुम्ही ती भरली नव्हती. मी खुर्चीत मागे टेकले.

मग खाली नजर गेली. माझी सही. आणि सहीच्या खाली, माझ्याच बारीक अक्षरात, दिवस-महिना-वर्ष.

प्रयोगवहीत प्रत्येक पानाखाली सही आणि तिच्याखाली तारीख. तारखेशिवायचं निरीक्षण म्हणजे गप्पा, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं जातं, आणि ते डोक्यात न राहता बोटांत जातं. वरची जागा मी तुमच्या सांगण्यावरून कोरी सोडली. खालची तारीख हाताने आपसूक घातली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ती तारीख निवडणुकीच्या आधीची होती. न मिळालेल्या पदाचा राजीनामा. हा कागद पहिल्या दिवसापासून कशाच्याच उपयोगाचा नव्हता.

पाकिटात एक चिठ्ठीही होती, कार्यालयातल्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागच्या कागदाची. "शास्त्रज्ञबाईंनी तारीख घातली. राहू दे."

तुम्हाला ठाऊक होतं. दुसरा कागद करून घेणं तुम्हाला दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही तो घेतला नाहीत, मला सांगितलं नाहीत, आणि मुंबईला "पाठवतो" म्हणत राहिलात. मी खूप हसले, अण्णा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. इतकं मोकळं मला निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर दुसरा निष्कर्ष समोर आला, आणि तोही मी टाळणार नाही. ज्या कागदाला भिऊन मी दोनदा गप्प बसले, त्याच्यात काही जोर नव्हता. म्हणजे ती दोन मौनं कागदाची नव्हती, माझी होती. तुम्ही मला ते दाखवायचं म्हणून चिठ्ठी ठेवलीत की नुसतं गंमत म्हणून, हे मला कळायचा मार्ग नाही. विहिरीच्या पाण्याचा अहवाल मी त्याच आठवड्यात ग्रामसभेत वाचला. उशिरा, पण वाचला. सरपंच अजून माझ्याशी बोलत नाहीत. विहिरीत औषध मात्र पडलं.

बाकीचे आठ कागद खरोखरच बिनतारखेचे होते. तुमच्या खुर्चीसाठी माझं नाव चर्चेत आहे, हे तुम्हाला ठाऊक असणार; बहुधा तुम्हीच सुचवलं असेल. ती खुर्ची हवी असेल तर ही फाईल जशीच्या तशी मुंबईच्या हाती द्यायची, एवढं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी एक पूर्ण दिवस त्याचा हिशेब मांडला. मांडला नाही असं म्हणाले तर तुमचा विश्वास बसणार नाही. मग गाडी काढली आणि आठही पाकिटं ज्याची त्याला नेऊन दिली, त्या विखारी वक्त्याचंही. घाटाखालच्या आज्याचे नातू असलेल्या आपल्या त्या सदस्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "झेराक्स तर नाय ना ठिवली, बाई?" मी नाही म्हणाले. "मंग आता आमाला धाकात कोण ठिवणार?" ते खरंच काळजीत होते. वक्त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. त्याच्या भाषणांना आता उत्तर द्यावं लागेल ते समोर उभं राहून, आणि ते काम बहुतेक माझ्याच वाट्याला येईल.

आता काकूंचं. हे सगळं लिहू का, दाखल्याचंसुद्धा, असं मी विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लिही की. ते तर त्या सभेच्या दिवशीच तयार व्हते. सकाळी इस्तरीची टोपी मागून घेतली. म्हनले, आज ती माझा दाखला भर सभेत काढणार. तोंड लपवून घरी बसलो तर बापाची लाज वाटल्यासारखं व्हईल. जातो, समोर बसतो."

म्हणजे तुम्ही मला अडवायला आला नव्हतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. तुम्ही मागे बसला नसतात तर मी ते पान वाचलं असतं. ठराव पडला असता, टाळ्या मिळाल्या असत्या, आणि नूरच्या आज्यासाठी लढताना मी तुमच्या आज्याचा दाखला भर सभेत मागितला असता. ज्या मोजपट्टीला मी नावं ठेवत होते, तीच वापरली असती. तुम्ही नुसते येऊन बसलात, म्हणून मी त्यातून वाचले. हे तुम्हाला पडवीत सांगायला हवं होतं. आभारही तेव्हाच मानायला हवे होते.

काल मुंबईहून फोन आला. आवाज तोच, तुम्हाला रोज यायचा तो.

"फाईल कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"काय आहे तिच्यात?"

"एकच कागद आहे. माझा राजीनामा. सही आहे, तारीखही आहे."

 मग, "पाठवा."

"पाठवते," मी म्हणाले, अगदी तुमच्याच सुरात.

आणि आज सकाळी नारायणगावच्या टपालातून तो खरंच पाठवला, अण्णा. चिठ्ठी तेवढी काढून घेतली आहे. ती माझ्यापाशी राहू दे.